तब्येतीचं काय आधी, काय नंतर आणि काय सोडून द्यायचं

माझ्या टेबलाच्या खणात एके काळी गोळ्यांच्या सात बाटल्या होत्या. मॅग्नेशियम, ओमेगा, बी-कॉम्प्लेक्स, एक कसलंतरी हिरवं चूर्ण, दोन-तीनांची तर नावंही आता आठवत नाहीत. आणि गंमत म्हणजे हे सगळं वेळच्या वेळी गिळणारी मी रात्री साडेपाच तास झोपत होते, दिवसाचे नऊ-दहा तास खुर्चीत होते आणि संध्याकाळी सहाला तिसरी कॉफी पीत होते. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, दुसरं काय.

त्यानंतर बरंच वाचलं, बरंच करून बघितलं, थोडं टिकलं आणि बरंचसं सुटलं. जे कळलं ते असं की ज्या गोष्टींच्या मागे खरोखर दमदार पुरावा आहे त्या मोजून पाच-सहाच आहेत, सगळ्या कंटाळवाण्या आहेत, आणि त्या जागेवर नसतील तर वरची सजावट काही कामाची नाही. म्हणून या लेखात क्रमाला महत्त्व आहे. वरून खाली जा, मधूनच उडी मारू नका.

एक गोष्ट आधीच सांगते. हे सगळं साधारण धडधाकट मोठ्या माणसांसाठी आहे. शुगरच्या किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील, हृदयाचा-किडनीचा त्रास असेल, दिवस गेलेले असतील, तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला, आणि चालू असलेलं कुठलंही औषध कुठलाही लेख वाचून बंद करू नका, हा लेख पण त्यात आला.

पायरी १: पंधरा दिवस काहीच बदलायचं नाही, फक्त लिहायचं

हे सगळ्यात अवघड जातं कारण हुरूप आलेला असतो, उद्यापासून पाचला उठणार, पळणार, साखर बंद. थांबा. एक साधी वही घ्या, रोज एकच ओळ. माझ्या वहीतली एक ओळ देते: "मंगळ. ११:५० ते ६:१०, रात्री दोनदा जाग. चालणं १५ मिनिटं. ४. तीननंतर डोकं जड, उगाच चिडले." तो ४ म्हणजे दिवस कसा गेला याला दहापैकी मार्क. बास, एवढंच. ॲप नको, कारण ॲप उघडलं की माणूस अजून तीन गोष्टी बघून येतो.

आता हे कशासाठी? आपण उपाय सुरू कधी करतो, तर अगदी जेरीला आल्यावर. आणि शरीराचं असं असतं की बरेचसे त्रास आपले आपण वर-खाली होत असतात, त्यामुळे सगळ्यात वाईट आठवड्यानंतरचा आठवडा बहुतेक वेळा बराच असतो, तुम्ही काहीही केलं नाही तरी. मग त्याच वेळी जे काही घेतलेलं असतं, काढा म्हणा, गोळी म्हणा, मनगटातलं कडं म्हणा, श्रेय त्याला जातं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला. पंधरा दिवसांची वही असली की निदान तुमचा नेहमीचा चढउतार किती आहे हे तरी कळतं. माझे मार्क काहीही न करता ३ ते ७ मध्ये फिरत होते, म्हणजे उद्या एखाद्या चूर्णाने मला ७ वाटलं तर त्यात विशेष काहीच नाही.

याच पंधरा दिवसांत घरी बीपी मोजून घ्या, वाढलेलं बीपी बहुतेक वेळा काही जाणवू देत नाही म्हणून. पण मोजण्याची पद्धत बरोबर पाहिजे, आणि इथेच घोळ होतो. मी पहिल्यांदा मोजलं तेव्हा जिना चढून आले होते, पाय एकावर एक, हात मांडीवर लोंबता आणि तोंडाने फोनवर बोलणं चालू, आकडा बघून घाबरले. नीट करायचं म्हणजे असं: आधी अर्धा तास चहा-कॉफी, सिगरेट, व्यायाम नाही. लघवीला जाऊन यायचं. पाठ टेकून खुर्चीत बसायचं, दोन्ही पाय जमिनीवर सपाट, पाच मिनिटं नुसतं गप्प. पट्टा उघड्या दंडावर, बाहीवरून नाही, आणि हात टेबलावर असा की पट्टा छातीच्या पातळीला येईल. दंडाला पट्टा लहान पडत असेल तर आकडा खोटाच जास्त येतो, त्यामुळे मापाचा पट्टा बघून घ्या. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, सकाळी आणि संध्याकाळी, सात दिवस, पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या आणि बाकीच्यांची सरासरी काढा. घरी मोजलेली सरासरी १३५/८५ किंवा त्याच्या वर असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. एकाच आकड्यावरून घाबरू पण नका आणि खूष पण होऊ नका.

पायरी २: झोप, आणि तीही उठण्याच्या बाजूने

झोप आधी का? कारण झोप नसेल तर भूक वाढते, चिडचिड वाढते, व्यायामाचा कंटाळा येतो, म्हणजे पुढच्या सगळ्या पायऱ्यांची इच्छाशक्ती इथेच जळून जाते. मोठ्या माणसाला सात तास किंवा त्याहून जास्त लागतात असं झोपेवर काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या संस्था सांगतात. "मला पाच तास पुरतात" म्हणणारे आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे आहेत, मीच एक होते, पण कमी झोपेची सवय झाली म्हणजे गरज कमी झाली असं नसतं, फक्त आपण किती पेंगुळलोय हे आपल्याला कळेनासं होतं.

सगळे झोपायची वेळ ठरवतात आणि तिथेच फसतात, कारण झोप हुकमावर येत नाही. उठायची वेळ मात्र आपल्या हातात आहे. ती एक ठरवा आणि सुट्टीच्या दिवशी पण फार तर अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे. उठल्यावर लवकरात लवकर बाहेरचा उजेड डोळ्यांवर पडू द्या, खिडकीत उभं राहण्यापेक्षा बाहेर जाणं बरं, कारण घरातला दिवा कितीही लख्ख वाटला तरी बाहेरच्या ढगाळ सकाळीपुढे तो मिणमिणताच असतो आणि शरीराच्या घड्याळाला तो फरक कळतो.

मग कॉफी-चहा. कॅफिन अर्धं उतरायलाच साधारण पाच तास घेतं, कुणाला याहून कमी कुणाला जास्त. २०१३ च्या एका छोट्या प्रयोगात झोपण्याच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफिन दिलं, म्हणजे कॉफीचे चारेक कप एकदम, तरी झोप एक तासाहून जास्त कमी झाली, आणि लोकांना स्वतःला ते तेवढं जाणवलंही नव्हतं. चार कप एकदम कोण पितं म्हणा, पण दुपारनंतरचा कप बंद करून दोन आठवडे वही बघायला काय हरकत आहे. मी केलं, आणि खरं सांगायचं तर सात बाटल्यांनी जे केलं नाही ते या एका कपाने केलं.

अंथरुणात पडून वीसेक मिनिटं झाली असं वाटलं तर उठा, मंद उजेडात काहीतरी रटाळ करा, पेंग आली की परत या. घड्याळ बघू नका. आणि हे महिनोन्महिने चालू असेल तर झोपेच्या गोळीच्या आधी सीबीटी-आय नावाची वर्तनावर आधारलेली उपचारपद्धत असते ती विचारा, जुन्या निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून डॉक्टरांच्या गाइडलाइन्स तिलाच पुढे करतात. जोरात घोरणं, झोपेत श्वास अडकणं, सात-आठ तास झोपूनही दिवसा डुलक्या, हे मात्र सवयींचं प्रकरण नाही, ते तपासूनच घ्यायचं.

मनगटावरचं घड्याळ गाढ झोप किती, स्वप्नांची झोप किती असे जे रंगीत पट्टे दाखवतं त्यावर फार जाऊ नका. एकूण किती वेळ झोपलो याचा अंदाज ठीकठाक असतो, आतले प्रकार ओळखण्यात ही यंत्रं बऱ्यापैकी चुकतात, आणि "आज गाढ झोप ४० मिनिटंच" हे वाचून चांगला उठलेला माणूस दिवसभर मरगळतो हे मी घरातच पाहिलंय.

पायरी ३: हालचाल

इथे जरा रमणार आहे कारण गोष्ट छान आहे. १९५३ साली लंडनमध्ये जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना छापली. एकाच कंपनीतली, साधारण सारख्या घरांतली माणसं, फरक एवढाच की ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर दिवसभर वर-खाली जिने चढतोय. कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. झालं, हालचाल चांगली, सिद्ध! पण मॉरिस तिथे थांबले नाहीत, आणि मला खरं तर हाच भाग जास्त आवडतो. त्यांनी पुढे युनिफॉर्मच्या पँटींची मापं तपासली आणि १९५६ साली छापलं की ड्रायव्हरांची कंबर कंडक्टरांपेक्षा आधीपासूनच जाड होती. म्हणजे कदाचित जाड माणसंच ड्रायव्हरच्या सीटकडे जात असतील! मग फरक जिन्यामुळे की मुळातल्या माणसांमुळे? स्वतःच्याच आवडत्या निष्कर्षाला असं टोचून बघणं, याला मी पुराव्याने चालणं म्हणते. नंतरच्या दशकांत वेगवेगळ्या देशांतून, वेगवेगळ्या पद्धतींनी, कंबर-वय-सिगरेट सगळं हिशोबात धरूनही हालचालीचा फायदा टिकून राहिला, म्हणून आज आपण एवढ्या खात्रीने बोलतो.

आता किती? जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा सल्ला: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराची, आणि शिवाय आठवड्यातून दोन दिवस तरी स्नायूंना ताकद लावणारा व्यायाम. मध्यम म्हणजे काय तर चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, जोराची म्हणजे दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यायला थांबावं लागतं. आधी एक अट होती की सलग दहा मिनिटं तरी पाहिजेत, ती आता काढून टाकलीय. म्हणजे तीन मिनिटांचा जिना पण धरायचा, "अर्धा तास मिळत नाही म्हणून शून्य" ही पळवाट बंद.

आणि ते दहा हजार पावलांचं? तो आकडा कुठल्या संशोधनातून आलेला नाही. १९६० च्या दशकात जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावाचाच अर्थ दहा हजार पावलांचं मीटर, आणि आकडा तिथून जगभर चिकटला. २०१९ मध्ये अमेरिकेत सरासरी ७२ वर्षांच्या सोळा हजारांहून जास्त बायकांवर केलेला अभ्यास आला, त्यात रोज साधारण ४,४०० पावलं चालणाऱ्यांचा मृत्युदर २,७०० वाल्यांपेक्षा बराच कमी दिसला आणि ७,५०० च्या आसपास फायदा सपाट झाला. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, म्हणजे पँटीच्या मापाचा प्रश्न इथेही विचारायलाच हवा, आणि तरुण माणसांसाठी आकडा वेगळा असू शकतो. पण एक दिसतं की सगळ्यात मोठी कमाई अगदी खालच्या पायऱ्यांवर आहे. दोन हजार चालणारा चार हजारांवर आला तर त्याला जे मिळतं ते दहाचा बारावर गेलेल्याला मिळत नाही.

म्हणून सुरुवात अशी: वहीतल्या पंधरा दिवसांत तुम्ही सरासरी किती चाललात ते बघा आणि त्यात रोजची दहा मिनिटं घाला. तेवढंच. दोन-तीन आठवड्यांनी अजून दहा. जेवणानंतर चाललात तर रक्तातली साखर एकदम उसळत नाही हा वरचा फायदा.

ताकदीचा व्यायाम लोक हमखास गाळतात, विशेषतः बायका आणि पन्नाशीपुढचे, आणि त्यांनाच तो सगळ्यात जास्त लागतो. वय वाढेल तसे स्नायू झडतात, नुसतं चालून ते भरत नाहीत. एक साधी परीक्षा घ्या. हाताच्या घड्या छातीशी, खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा म्हणजे सरकणार नाही, आणि हात न टेकता पाच वेळा पूर्ण उभे राहून परत बसा. वयस्कर माणसाला १५ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर पायांतली ताकद उणी आहे असं समजतात. आणि हीच परीक्षा हाच व्यायाम: आठ-दहा वेळा उठबस, थोडा आराम, असं दोन-तीनदा. उतरताना धपकन बसायचं नाही, तीन मोजत सावकाश, मांड्या पेटतात तिथेच काम होतं. जोडीला भिंतीवर हात टेकून पुशअप, आणि पाण्याच्या भरलेल्या बाटल्या पिशवीत घालून कमरेतून वाकून स्वतःकडे ओढणं. शेवटच्या दोन-तीन वेळा जड गेल्या पाहिजेत, सहज जात असेल तर वजन वाढवा. दुसऱ्या दिवशी दुखणं चालेल, पण सांध्यात टोचल्यासारखं दुखलं तर थांबा. साठीच्या पुढच्यांनी तोल सांभाळायचा सराव पण करा, ओट्याला एक हात लावून एका पायावर उभं राहायचं, दात घासताना करतात बरेच जण.

पायरी ४: खाणं

इथे मी मुद्दाम कमी लिहिणार आहे कारण यावर आधीच खूप आरडाओरडा आहे. बहुतेक सगळ्या टिकाऊ आहारपद्धतींमध्ये जे सामाईक आहे तेवढं घ्या: भाज्या-फळं दिवसाला ४०० ग्रॅमच्या वर, डाळी-कडधान्यं आणि अख्खी धान्यं, रोज काहीतरी प्रथिनं, मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत म्हणजे साधारण एक सपाट छोटा चमचा आणि यात पाकिटातलं-बाटलीतलं मीठ पण आलं, वरून घातलेली साखर एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत. हे जागतिक आरोग्य संघटनेचेच आकडे आहेत.

एक प्रयोग मात्र सांगण्यासारखा आहे. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी २० माणसांना तिथेच ठेवून घेतलं, दोन आठवडे कारखान्यात बनलेले खूप प्रक्रिया केलेले पदार्थ आणि दोन आठवडे साधं शिजवलेलं जेवण. ताटात वाढलेले उष्मांक, साखर, फॅट, फायबर दोन्हीकडे सारखे ठेवले आणि सांगितलं हवं तेवढं खा. पाकिटवाल्या आठवड्यांत माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती आणि जवळजवळ एक किलो वाढली, दुसऱ्यात तेवढीच उतरली. माणसं वीसच आणि दिवस थोडेच, पण यात कुणाला आधी कुठलं जेवण हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं आणि प्रत्येक घास मोजलेला, म्हणून या प्रयोगाला किंमत आहे. करायचं काय, तर सगळं फेकून देऊ नका, रोज खाल्लं जाणारं एकच पाकीट शोधा आणि त्याच्या जागी काहीतरी ठेवा. नुसतं बंद केलं की ती जागा दुसरं पाकीट घेतं.

आठ ग्लास पाणी? १९४५ च्या एका अमेरिकन सल्ल्यात अडीच लिटर पाण्याचा उल्लेख होता आणि लगेच पुढे लिहिलं होतं की यातलं बहुतेक अन्नातूनच मिळतं, ते पुढचं वाक्य कुणी वाचलंच नाही बहुतेक. तहान लागली की प्या, लघवीचा रंग फिकट पिवळा राहिला की झालं. ऊन, ताप, जुलाब, मुतखडा, म्हातारपण यात जास्त लक्ष द्या.

पायरी ५: सिगरेट, दारू, माणसं

सिगरेट ओढत असाल तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि आधी हे. ब्रिटिश डॉक्टरांवर १९५१ पासून पन्नास वर्षं चाललेल्या अभ्यासात दिसलं की ओढणाऱ्यांचं आयुष्य सरासरी दहा वर्षांनी कमी होतं, पण तिशीत सोडली तर जवळजवळ सगळं नुकसान टळतं, पन्नाशीत सोडली तरी सहा वर्षं परत मिळतात, साठीत तीन. निकोटीनच्या पट्ट्या-गोळ्या आणि समुपदेशन मिळून यश वाढतं, नुसत्या निर्धारावर जाऊ नका. दारूबद्दल "थोडी हृदयाला चांगली" हे जुनं झालं, २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितलं की सुरक्षित असं प्रमाण नाही. कमी तितकं बरं. पण रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद करणं धोक्याचं असतं, झटके येऊ शकतात, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

माणसांचं लोक हसण्यावारी नेतात. २०१० मध्ये १४८ अभ्यास आणि तीन लाखांवर माणसं एकत्र धरून हिशोब केला तेव्हा घट्ट नाती असलेल्यांची जगण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त निघाली. इथेही उलटं असू शकतं, आजारी माणूसच एकटा पडतो, तरी पण. माझा उपाय बाळबोध आहे, आठवड्यात एक फोन ठरवून करायचा, काम नसताना, आणि तो वहीत लिहायचा. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन बसलेलं असेल, कशातच गोडी वाटत नसेल तर मात्र श्वासाचे व्यायाम आणि डायरी पुरत नाही, डॉक्टर किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठा. स्वतःला संपवायचे विचार येत असतील तर दोन आठवडे थांबूच नका, आजच कुणालातरी सांगा.

पायरी ६: आता नवीन दाव्यांची चाळणी

वरचं सगळं रांगेला लागल्यावरच ही पायरी, कारण इथे वेळ आणि पैसा दोन्ही जातात. कुणी काही सुचवलं, भले डॉक्टर का असेना, की मी हे विचारते.

तुलना कशाशी केली? १७४७ मध्ये जेम्स लिंड नावाच्या जहाजावरच्या सर्जनने स्कर्व्ही (क जीवनसत्त्व कमी पडून होणारा आजार) झालेल्या १२ खलाशांच्या सहा जोड्या केल्या, प्रत्येक जोडीला वेगळं काही दिलं, कुणाला व्हिनेगर, कुणाला समुद्राचं पाणी, कुणाला संत्री-लिंबू. संत्री-लिंबूवाले आठवड्याभरात उभे राहिले. नुसती संत्री सगळ्यांना देऊन "बरे झाले" म्हटलं असतं तर काहीच कळलं नसतं. "मी घेतलं आणि मला बरं वाटलं" यात दुसरी जोडीच नसते.

मोजलं काय? रक्तातला एखादा आकडा सुधारणं आणि माणूस कमी आजारी पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बीटा-कॅरोटिनचं, म्हणजे गाजरासारख्या भाज्या-फळांतल्या नारिंगी द्रव्याचं, उदाहरण मी कधी विसरत नाही. भाज्या-फळं खाणाऱ्यांना कॅन्सर कमी दिसत होता, त्यांच्या रक्तात बीटा-कॅरोटिन जास्त होतं, म्हणून गोळी करून देऊ असं ठरलं. फिनलंडमध्ये २९ हजारांवर सिगरेट ओढणाऱ्या पुरुषांवर ट्रायल झाली, १९९४ मध्ये निकाल आला, आणि गोळीवाल्यांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त निघाला. अमेरिकेतली तशीच दुसरी ट्रायल १९९६ मध्ये मध्येच थांबवावी लागली. नैसर्गिक होतं, लॉजिक सुंदर होतं, आणि नुकसान झालं. म्हणून कमतरता तपासणीत दिसली असेल तर गोळी जरूर घ्या, शाकाहारी कडक असाल तर बी-१२ बघाच, पण "असलेलं बरं" म्हणून नाही.

टक्के कशाचे? २०१५ मध्ये बातमी आली की रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाल्लं तर आतड्याच्या कॅन्सरचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो. मुळात धोका समजा आयुष्यभरात शंभरात पाच जणांना असेल तर तो सहाच्या जवळ जातो, तेवीस होत नाही. बातमी खरीच आहे, फक्त घाबरायचं किती ते या हिशोबावर. औषधाच्या जाहिरातीत "धोका निम्मा" लिहिलेलं असतं तेव्हा पण हेच विचारा, कितीचा निम्मा?

आणि विकणारा कोण आहे. डिटॉक्सवाल्याला विचारा नेमकं कुठलं विष, किती होतं, नंतर किती उरलं. तुमचं लिव्हर आणि किडन्या हेच काम फुकटात करतायत. माझं त्या हिरव्या चुर्णाच्या दुकानदाराशी यावर बोलणं झालं होतं, त्याने विषाचं नाव सांगितलं नाही, दुसरी बाटली मात्र सवलतीत दिली आणि मी घेतली पण.

पायरी ७: टिकवायचं कसं

एका वेळी एकच बदल. दोन केलेत तर वहीतले मार्क कशाने वाढले ते कळणार नाही, आणि नव्याचे नऊ दिवस संपले की दोन्ही एकदम पडतात. बदल एखाद्या रोज होणाऱ्या गोष्टीला बांधा: "दुपारचं जेवण झालं, ताट ठेवलं, की चपला घालायच्या." "वेळ मिळेल तसं चालेन" याने काही होत नाही. २१ दिवसांत सवय लागते असं जे म्हणतात ते सोडा, लंडनमध्ये ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात मध्यावरचा आकडा ६६ दिवस निघाला आणि पल्ला १८ पासून २५४ पर्यंत. पाण्याचा ग्लास लवकर अंगवळणी पडतो, व्यायाम उशिरा. त्याच अभ्यासात हेही दिसलं की एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही.

आजारपण, प्रवास, घरात कुणाचं तरी काही, यात दोन-तीन आठवडे सगळं बंद पडणारच. तेव्हा परत येताना निम्म्यावर या: वीस मिनिटं चालत होतात तर दहा, तीन फेऱ्या उठबस होती तर दीड, आणि आठवड्यात पुन्हा जागेवर. उठायची वेळ मात्र पहिल्या दिवसापासून पूर्ण.

आणि काही गोष्टींना वही नाही, चाळणी नाही, वाट बघणं नाही. छातीत दाबल्यासारखं होऊन हातात-जबड्यात कळ येणं, तोंड एकीकडे वाकडं होणं, एका बाजूचा हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं, अचानक दम लागणं, यात सरळ इमर्जन्सी. न सांगता उतरणारं वजन, शौचातून किंवा थुंकीतून रक्त, बरी न होणारी जखम किंवा गाठ, यात याच आठवड्यात डॉक्टर, आणि जाताना वही बरोबर न्या. मी नेते. डॉक्टरांनी पहिल्यांदा ती चाळली तेव्हा मधली तीन पानं नुसतीच रिकामी होती, त्यांनी विचारलं इथे काय झालं, आणि खरं कारण, घरातलं, ते तिथेच पहिल्यांदा माझ्या तोंडून निघालं.